बोलता बोलता खुणा: डेफ सहकारिणीशी इंग्रजी बोलत हातही चालवायचे का?

डर्बीकर_मेघा
नमस्कार मंडळी, खूप महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी इंग्लंडात डर्बीला राहते, नऊ वर्षं झाली. जानेवारीत आमच्या टीममध्ये मँचेस्टरहून एक नवीन मुलगी आली, तिला इथे 'जे' म्हणू, इंग्रजी अक्षर. जन्मापासून डेफ, भाषा बीएसएल म्हणजे ब्रिटिश साइन लँग्वेज. मीटिंगला इंटरप्रिटर येते, तिचे पैसे सरकारच्या अ‍ॅक्सेस टू वर्क योजनेतून मिळतात, ते सगळं व्यवस्थित आहे. पण इंटरप्रिटर चहाला नसते, लिफ्टमध्ये नसते, आणि आमच्या ऑफिसातलं खरं बोलणं तर तिथेच होतं. जे बिचारी मायक्रोवेव्हपाशी उभी राहून आमची तोंडं बघायची. मला ते बघवेना म्हणून मी गुरुवार संध्याकाळचा लेव्हल वनचा क्लास लावला. सध्या तीनेकशे खुणा येतात, त्यातल्या शंभर ऐनवेळी आठवत नाहीत.

तर मी काय करते, तोंडाने सरळ इंग्रजी बोलते आणि ज्या शब्दाची खूण येते तो शब्द आला की हात करते. क्लासमधले सर स्वतः डेफ आहेत, त्यांना हे दाखवलं तर म्हणाले याला साइन सपोर्टेड इंग्लिश म्हणतात, एसएसई, खुणा बीएसएलच्या पण वाक्य इंग्रजीचं, ही वेगळी भाषा नव्हे. हे सांगताना चेहरा असा, जसा माझ्या सासूबाईंचा विकतची पुरणपोळी बघून होतो.

आता मुद्दा. सुरुवातीला जे खूश होती. पण हल्ली मी तोंड आणि हात दोन्ही सुरू केले की ती हसते आणि हळूच फोन काढून नोट्स उघडून माझ्यासमोर धरते, टाइप कर म्हणून. मला वाईट वाटतं हो. मी चुकतेय का? हे असं अर्धंमुर्धं करण्यापेक्षा न केलेलं बरं का? नवऱ्याचं मत विचारलं तर म्हणतो तू दादर टीटीच्या चौकातला ट्रॅफिक हवालदार दिसतेस.

पोपटराव
पहिला प्रतिसाद माझा. नवऱ्याचा फोटो टाका, सत्कार करायचाय.

सिरियसली, तुम्ही प्रयत्न करताय हेच खूप झालं. बाकी आपण मराठी माणसं खुणांत कमी नाही, पंगतीत जिलबी नको म्हणून पानावर आडवा हात धरला तरी वाढणारा त्याचा अर्थ 'आग्रह करा' असाच घेतो.

खडूफळा
मेघा, मी पुण्याजवळच्या एका कर्णबधिर शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त. तुझा प्रश्न वाचून जुनं बरंच वर आलं, मोठं लिहिते.

आम्ही लागलो तेव्हा शाळेत खुणांना बंदी. ओठ बघ, गळ्याला हात लाव, आवाज काढ. मूल हात हलवायला लागलं की 'हात खाली' म्हणायचं. मीही म्हटलंय, लपवत नाही. याचं मूळ पार इटलीत, १८८० साली मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठराव केला की बोलण्याची पद्धत खुणांपेक्षा श्रेष्ठ, शाळेत तीच वापरायची. त्या ठरावाचा जाच जगभरच्या मुलांनी शंभर वर्षांहून जास्त सोसला. शेवटी २०१० साली व्हँकुव्हरला त्याच परंपरेतल्या परिषदेने ते ठराव मोडीत काढले आणि खेद व्यक्त केला. तोपर्यंत आमची मुलं काय करत होती? वसतिगृहाच्या मागे, संडासाच्या रांगेत, झोपायच्या खोलीत टॉर्चच्या उजेडात खुणांनी गप्पा मारत होती. मोठी मुलं धाकट्यांना शिकवायची. भाषेचा खरा वर्ग तिकडे भरायचा, आम्ही फळ्यासमोर ओठ ताणत बसायचो.

मग मधल्या काळात टोटल कम्युनिकेशनचं वारं आलं. बोला पण, खुणाही करा, चित्रं दाखवा, जे लागू पडेल ते करा. आम्हाला हायसं वाटलं. मीही मराठी बोलत बोलत खुणा करायला लागले, अगदी तू करतेस तसं, आणि स्वतःवर खूश होते. एक वर्षी सहल होती. मी वर्गात सांगितलं, 'उद्या शाळेत येताना आईकडून सहलीचे पैसे आणायचे नाहीत, परवा आणायचे.' दुसऱ्या दिवशी वर्गातली सगळीच्या सगळी मुलं पैसे घेऊन हजर. मी चिडले. तेव्हा आमच्याकडे सरावाला आलेली एक मुलगी वर्गाची व्हिडिओ शूटिंग करत असे, तिने आदल्या दिवसाची कॅसेट आवाज बंद करून दाखवली. माझे हात म्हणत होते, उद्या, शाळा, आई, पैसे. 'नाहीत' तोंडात होतं, हातात नव्हतंच. 'परवा'ची खूण सुरू केली आणि तेवढ्यात दारात शिपाई आला म्हणून हात खाली गेला, तोंड मात्र चालूच.

मला शपथेवर विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी सगळं खुणांनी सांगितलं. कारण मला माझा आवाज ऐकू येत होता ना.

डर्बीकर_मेघा
खडूफळा मॅडम, अंगावर काटा आला. मी आजच फोन समोर ठेवून स्वतःचा व्हिडिओ काढते.

अर्धाकप
खडूफळाताईंच्या कॅसेटवर अख्खं संशोधन झालंय. १९७२ मध्ये उर्सुला बेलुगी आणि सुझन फिशर यांनी मोजून बघितलं, एक खूण करायला एक शब्द बोलायच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. साहजिक आहे, जीभ टिचभर आणि हात केवढे. पण गंमत अशी की एखादी गोष्ट पूर्ण सांगायला साइन लँग्वेजला आणि बोलण्याला वेळ जवळपास सारखाच लागतो. कारण साइन लँग्वेज शब्दामागे शब्द अशी रांग लावत नाही. कोण, कुठून, कुठे, किती जोरात, हे एकाच हालचालीत, जागेत आणि चेहऱ्यावर एकदम बसवते.

आता तुम्ही बोलत बोलत खुणा केल्या की ही सोय हातातून गेली, वाक्य इंग्रजीचं म्हणजे रांग लावणं आलं, आणि वेग तोंडाचा. मग दोनच गोष्टी होऊ शकतात, एकतर बोलणं रडतखडत होतं नाहीतर हात खुणा गाळतात. बहुतेकांचे हात गाळतात. १९७९ मध्ये मार्मोर आणि पेटिटो यांनी अमेरिकेत, ज्यांना हे उत्तम जमतं असं मानलं जायचं अशा शिक्षकांचं वर्गातलं बोलणं तपासलं, तर हातांनी आलेली बहुतेक वाक्यं व्याकरणात मोडकी निघाली. मुलांनी इंग्रजी शिकावी म्हणून खटाटोप, आणि मुलांच्या डोळ्यांपुढे ना धड इंग्रजी ना धड साइन.

घरी करून बघायचं असेल तर तोंडाने रामरक्षा म्हणा आणि त्याच वेळी हाताने बँकेला इंग्रजीत अर्ज लिहा. दोन्हीपैकी कोणतं आधी बिघडतं ते कळवा.

पोपटराव
केलं. मॅनेजरसाहेबांना 'रामो राजमणिः' पर्यंत लिहून झालंय, लोन मंजूर होईल असं वाटतं.

नीता_जर्सी
वरचं सगळं वाचून थोडं चिडूनच लिहितेय.

माझा मुलगा डेफ आहे, आता सोळा वर्षांचा. दीड वर्षाचा असताना कळलं, आम्ही तेव्हा नुकतेच न्यू जर्सीत आलो होतो. डेफ मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात, म्हणजे बहुतेकांची आमच्यासारखीच गत, त्या दिवसापर्यंत आयुष्यात डेफ माणूस बघितलेला नसतो. तिथे 'बोलू नका, आवाज बंद करा आणि अख्खी नवी भाषा शिका' हे सांगणं सोपं आहे. मूल तोपर्यंत थांबतं का? मला रात्री तीनला उठून रडणाऱ्या पोराशी बोलायचं होतं. मी तोंडाने इंग्रजी आणि हाताने जे येईल ते, असंच सुरू केलं. आमच्या तिथल्या कार्यक्रमात साइनिंग एक्झॅक्ट इंग्लिश वापरायचे, सी म्हणतात त्याला. त्यात इंग्रजीचा प्रत्येक शब्द हाताने करायचा, इज, आर, शेवटचं आयएनजी, ईडी, अनेकवचनाचा एस, सगळं. लोक हसतात त्याला. पण इज नावाचा शब्द जगात आहे हे माझ्या पोराला ओठांवरून कधीच दिसलं नसतं, ते हातांमुळे दिसलं. आज तो भरपूर वाचतो. मित्रांशी एएसएल म्हणजे अमेरिकन साइन लँग्वेज, आमच्याशी दोन्ही एकत्र. त्याचं काही मोडकं नाहीये.

आणि एक. तेव्हा आम्हाला एका तज्ज्ञांनी सांगितलं घरी फक्त इंग्रजी बोला, मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होईल. आम्ही ऐकलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. सासूबाई नागपूरहून सहा महिने राहायला आल्या, त्यांना इंग्रजी नाही, खुणा नाहीत. त्यांनी स्वतःच्याच खुणा काढल्या. तळहातावर बोटं कालवली की वरणभात, कपाळाला बोट लावलं की देवघरात चल, नाक दाबलं की आजोबा, कारण ते घोरतात. पोरगा अजून आजोबांना तेच म्हणतो, व्हिडिओ कॉलवर.

खडूफळा
नीता, आजोबांची खूण फार आवडली. याला होम साइन म्हणतात, आणि ज्या घरात ती होते त्या घरातलं मूल शाळेत आलं की पहिल्या दिवशी ओळखू येतं, नजरेला नजर देतं.

अर्धाकप
नीता, तुमच्या अनुभवाला नाही म्हणणारा मी कोण. पण सी ची एक गोची आहे. त्यात नियम असा की उच्चार, स्पेलिंग आणि अर्थ या तीनपैकी दोन जुळले तर खूण एकच. त्यामुळे मुलगा पळतो, नळ वाहतो आणि नाक गळतं, तिन्हीकडे रन, तिन्हीकडे एकच खूण. एएसएल वापरणाऱ्या डेफ माणसाला ते नाक पायांवर धावताना दिसतं. आपल्याकडे कुणी 'मार खाल्ला'ला जेवायची खूण केली तर कसं वाटेल, तसं.

दुसरं, हे असंच हवं या आग्रहामागे एक जुनी समजूत होती की साइन म्हणजे तुटकं इंग्रजी. १९६० मध्ये गॅलोडेट या डेफ विद्यार्थ्यांच्या अमेरिकन कॉलेजातल्या विल्यम स्टोकीने एएसएलला स्वतःची रचना आहे हे दाखवलं तेव्हा त्याच्याच कॉलेजातले लोक त्याला हसले होते.

नीता_जर्सी
मला स्टोकी माहीत आहे हो. आणि माझ्या मुलालाही कळतं की नाकाला पाय नसतात.

सावळागोंधळ
पॉपकॉर्न कुठे मिळेल?

अवांतर, पण मेघाताईला उपयोगी. माझा बीएसएलमधला सगळ्यात मोठा पराक्रम. आपल्या शाळेत बाईंना करंगळी दाखवली की काय, ते सगळ्यांना माहीत आहे. लंडनमध्ये एका डेफ गृहस्थांच्या घरी जेवायला गेलो होतो, बाथरूम कुठे ते विचारायचं होतं, खूण माहीत नव्हती, सवयीने करंगळी वर केली. त्यांच्या बायकोने नुकतंच ताट वाढलं होतं. बीएसएलमध्ये अंगठा म्हणजे चांगलं आणि करंगळी म्हणजे वाईट. बाईंनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी घाबरून आणखी जोरात करंगळी हलवली.

पोपटराव
दोन बोटं दाखवायची वेळ आली नाही हे नशीब, इंग्लंडमध्ये त्याचा वेगळाच अर्थ होतो.

सुहास_रेडिंग
मेघा, मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मी मूळचा नाशिकचा, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी माझं ऐकणं गेलं, आता जवळपास शून्य. मला तुमचं एसएसईच हवं आहे!

कारण माझ्या डोक्यात इंग्रजी आहे, मराठी आहे, बीएसएल नाही. मला ओठ वाचायचे असतात आणि ओठांवर अर्धं दिसतच नाही. प, ब, म तिन्ही ओठ मिटून. आरशासमोर बिनआवाजी म्हणून बघा, पापा, बाबा, मामा. काही फरक दिसतो? आमच्या घरात एका लग्नात 'मामा कुठे गेले' याचं उत्तर मी 'बाबा वारले' असं दिलं होतं, पाहुणीला दरदरून घाम फुटला. अशा वेळी समोरच्याने मामाची नुसती एक खूण केली तरी वाक्य हाती लागतं. क, ग, ह तर घशात होतात, दिसायचा प्रश्नच नाही. त्यामुळे बोलणारं तोंड आणि त्याला मदतीला हात, ही माझ्यासाठी काठी आहे. उशिरा ऐकू येईनासं झालेले, यंत्र लावून साध्या शाळेत शिकलेले, असे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आम्हाला कुणी 'ही खरी भाषा नाही' म्हटलं की राग येतो. भाषा नाहीच आहे ती, चष्मा आहे.

मात्र तुमची जे जन्मापासून डेफ आहे आणि तिची पहिली भाषा बीएसएल आहे. तिला तुम्ही माझी काठी देताय, तिला चालता येतंय.

नीता_जर्सी
सुहासदादा, पटलं. 'चष्मा'ला अनुमोदन.

मूक_नाही_मी
मी डेफ आहे. मुंबई. धागा कालपासून वाचते आहे.

एक, वर कुणी वापरला नाही म्हणून आभार, पण पुढे कुणी 'मूकबधिर' लिहील म्हणून आधीच सांगते. मूक नाही आम्ही. माझं नाव बघा. कर्णबधिर चालेल, डेफ चालेल, बहिरी पण चालेल, माझी आई म्हणते.

दोन, मेघाताईला एकच विचारते. तुमचा आवाज कोणासाठी आहे? तिला ऐकू येत नाही. मायक्रोवेव्हजवळ तुम्ही दोघीच असता. मग आवाज कोण ऐकतं? तुम्हीच. खडूफळा मॅडमनी पण तेच लिहिलं.

तीन, लोक बोलत खुणा करतात तेव्हा चेहरा तोंडाच्या ताब्यात जातो. आमचं व्याकरण चेहऱ्यावर असतं. इंडियन साइनमध्ये प्रश्न आहे की नाही ते चेहऱ्यावरून कळतं. चेहरा बोलण्यात अडकला की प्रश्न विचारला की माहिती सांगितली ते समजत नाही. मग आम्ही हसतो आणि मान हलवतो. लोकांना वाटतं कळलं.

चार, जोरात बोलू नका. खूप सावकाश पण बोलू नका. तोंड म्हैस रवंथ करते तसं दिसतं.

अर्धाकप
तिसऱ्या मुद्द्याला पुरवणी. बीएसएलमध्येही हो किंवा नाही असं उत्तर असलेला प्रश्न विचारताना भुवया वर, आणि काय, कुठे, कोण विचारताना भुवया आक्रसतात. म्हणजे भुवई इथे प्रश्नचिन्हाचं काम करते.

आणि मेघाला एक आयडिया. बीएसएलमध्ये नाव विचारताना प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, नाव, तुझं, काय. हे इंग्रजीपेक्षा 'तुझं नाव काय'च्या जवळ आहे! इंग्रजीतून खुणांकडे जाण्याऐवजी मराठीत विचार करून बघ. 'कुठे राहतेस'पेक्षा 'तू राहतेस कुठे', तसं.

डर्बीकर_मेघा
अय्या हो! आमच्या क्लासमधल्या इंग्लिश बायका त्या काय आणि कुठे शेवटी टाकायला सारख्या चुकतात, मी चुकत नाही, सरांनी एकदा विचारलंही होतं तुझी पहिली भाषा कोणती.

मूक_नाही_मी
मराठी पण नको. मराठीत 'टेबलावर कप आहे'. साइनमध्ये आधी टेबल दाखवायचं, मग कप त्याच्यावर ठेवायचा. हवेत. 'वर' हा शब्दच लागत नाही. चित्र बघून बोला, शब्द बघून नको.

सावळागोंधळ
हे वाक्य मी फ्रेम करून लावतोय.

पोपटराव
अज्ञानाबद्दल क्षमस्व, पण इंडियन साइन आणि ब्रिटिश साइन एकच का? साहेबाने रेल्वेबरोबर दिली असेल ना.

मूक_नाही_मी
नाही. स्पेलिंगची बोटं सारखी आहेत. दोन हातांनी, आणि ए, ई, आय, ओ, यू पाच बोटांच्या टोकांवर. अमेरिकेचं स्पेलिंग एका हाताने. पण खुणा आणि बोलायची पद्धत आमची वेगळी. दिल्लीत २०१५ पासून सरकारी केंद्र आहे, त्यांचा दहा हजार शब्दांचा शब्दकोश आहे, मोफत बघता येतो. पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्हीचा ३१ नंबरचा चॅनल पण इंडियन साइनचा, २०२४ ला सुरू झाला. माझ्या शाळेच्या वेळी यातलं काही नव्हतं. आम्हाला पण 'हात खाली'. खडूफळा मॅडम, तुम्हाला नाही म्हणत.

खडूफळा
मला म्हटलंस तरी चालेल गं. खरं आहे.

वृंदा_मिल्टनकीन्स
माझ्या भाच्याला डाउन सिंड्रोम आहे, त्याच्या नर्सरीत मॅकॅटन शिकवतात, तेही बोलत बोलत खुणाच की. मग ते पण चूक का? आम्ही सगळं घर शिकलोय.

अर्धाकप
ते वेगळं, वृंदाताई. ज्यांना ऐकू येतं पण बोलणं किंवा समजणं जड जातं त्यांच्यासाठी ते आहे, १९७० च्या दशकात मार्गारेट वॉकर, कॅथी आणि टोनी या तिघांनी मिळून केलं, तिघांच्या नावाची अक्षरं जोडून मॅकॅटन. त्यात बोलणं मुख्य आणि ठळक शब्दापुरती खूण, आणि मुलाला आवाज ऐकू येतो म्हणून ते जमतं. खुणा बऱ्याचशा बीएसएलवरून घेतलेल्या. बिनधास्त करा. फक्त डेफ माणसाशी मॅकॅटन करायला जाऊ नका, तो तुमच्या भाच्याच्या वयाचा नसतो.

वृंदा_मिल्टनकीन्स
धन्यवाद, जीवात जीव आला. भाचा 'बिस्किट' आणि 'आणखी' या दोन खुणांवर राज्य करतोय.

सुहास_रेडिंग
कुणीतरी कायद्याचं विचारेल म्हणून आधीच लिहितो. ब्रिटिश सरकारने बीएसएलला भाषा म्हणून मान्यता दिली २००३ मध्ये, आणि कायदा झाला २०२२ मध्ये. पण त्या कायद्याने ऑफिसातल्या सहकाऱ्यांवर काही बंधन येत नाही, तो सरकारी खात्यांनी बीएसएलसाठी काय केलं याचा हिशेब मागतो. नोकरीच्या जागी कामाला येतो तो २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट. चहाच्या टेबलावरचा एकटेपणा कोणत्याच कायद्यात नाही, तिथे मेघासारखेच लोक लागतात.

आणि मेघा, खिडकीकडे पाठ करून बोलू नकोस. चेहरा काळा दिसतो. ही चूक डॉक्टरसुद्धा करतात.

डर्बीकर_मेघा
मंडळी, आठ दिवसांनी परत आले, बरंच घडलं.

आधी व्हिडिओ. मी आवाज बंद करून बघितला. खडूफळा मॅडम, तुमचे तरी चार शब्द हातात होते. माझ्या एका मिनिटात फक्त 'मी', 'चहा', 'मीटिंग', 'चांगलं' आणि पुन्हा 'चहा'. आणि भुवया सतत वर, म्हणजे मी मिनिटभर जे ला कसला तरी प्रश्नच विचारत होते.

मग सरळ तिलाच विचारलं. इतके दिवस तुम्हा सगळ्यांना विचारत बसले, तिला विचारायचं डोक्यात आलं नव्हतं. नोट्समध्येच लिहिलं, म्हणजे गैरसमज नको. तिने लांबलचक उत्तर लिहिलं, थोडक्यात सांगते. फोन काढते तो माझा कंटाळा म्हणून नाही. दुपारनंतर तिचे डोळे दमलेले असतात, कारण मीटिंगभर इंटरप्रिटरकडे टक लावून बघायचं. त्यात मी बोलायला लागले की ओठ बघू की हात, यात दोन्ही सुटतात. मला खूण आठवत नाही तेव्हा माझा हात हवेत थांबतो आणि तोंड पुढे निघून जातं, तेव्हा तिला वाटतं नेट गेलं.

आणि एक मला स्वप्नातही सुचलं नसतं. ती इंग्लिश लोकांचे ओठ बऱ्यापैकी वाचते, माझे नाही. का, तर माझा व्ही आणि डब्ल्यू सारखाच दिसतो! इंग्लिश माणूस व्ही म्हणताना खालच्या ओठावर दात टेकवतो आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू करतो. आपण दोन्हीला व. मी तिला मांजराला व्हेटकडे नेलं सांगितलं होतं, तिने मांजर ओलं झालं असं वाचलं आणि त्या दिवशी मला इतकी सहानुभूती का दाखवली ते आत्ता कळलं.

शेवटी ठरलं असं. आम्ही दोघीच असलो की माझा आवाज बंद. चुकलं तर चुकलं, ती दुरुस्त करते, अडलं तर बोटांनी स्पेलिंग. चारचौघांत असलो की मी दोन्ही करायचं, बाकीच्यांना कळावं म्हणून, पण आधी तिला खुणांनी पूर्ण सांगायचं आणि मग मागाहून त्यांना तोंडाने, एकदम नाही. पहिल्या दिवशी आवाज बंद केल्यावर मला इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं, काय सांगू. दोन मिनिटांत घाम. पण कुठल्या मीटिंगला जायचं, किती वाजता, सगळं बोलणं झालं. वेळ तेवढी चुकली, आकड्यांच्या खुणा इथे गावोगाव वेगळ्या, तिचे मँचेस्टरचे आणि सरांचे इथले.

मूक_नाही_मी
छान. घाम यायला पाहिजे. आम्हाला रोज येतो.

नीता_जर्सी
मेघा, भारी. पोराला वाचून दाखवला धागा, म्हणतो आई तू पण जेवताना आवाज बंद करून बघ. बघते आता.

सुहास_रेडिंग
मला भेटलात कधी तर मात्र आवाज चालू ठेवा, आणि व्ही नीट काढा.

मूक_नाही_मी
लेव्हल टू कधी?

डर्बीकर_मेघा
सप्टेंबर. पुन्हा गुरुवारच.

पोपटराव
आणि हवालदार म्हणणारे साहेब?

डर्बीकर_मेघा
लेव्हल वनला नाव घातलंय त्याचं. फी भरून झाली, त्याला अजून सांगितलेलं नाही.